इंग्लिश शब्द येतात पण शब्दांच्या जोड्या चुकतात, काय करावं?

तुम्ही विचारलंय की शब्द पाठ आहेत, ग्रामर पण बऱ्यापैकी येतं, तरी 'डू अ मिस्टेक' म्हणायचं की 'मेक अ मिस्टेक' इथे अडायला होतं, तर याला काही नियम आहे का. पक्का नियम नाही ओ, सरळच सांगतो. (बरोबर 'मेक अ मिस्टेक' आहे, पण 'होमवर्क' आला की 'डू'.) मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्टचे मेल लिहितो, रोज याच्याशीच गाठ असते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपली मराठी बघा. आपण फोटो काढतो, चित्र काढतो, तिकीट काढतो, बूट काढतो, बँकेतून पैसे काढतो, सगळीकडे काढणंच. इंग्लिशमध्ये फोटोला 'टेक', चित्राला 'ड्रॉ', तिकिटाला 'बाय' नाहीतर 'बुक', बुटाला 'टेक ऑफ', पैशाला 'विथड्रॉ'. तसंच गजर लावला तर 'सेट', झाड लावलं तर 'प्लांट', आणि दाराला कुलूप लावलं तर नुसतं 'लॉक द डोअर'. आपण नाम इंग्लिश घेतो आणि क्रियापद मराठीतलं उचलून त्याला चिकटवतो, चूक होते ती तिथे.

आपलं 'ठेवणे' तर लईच फसवतं. मीटिंग ठेवली म्हणून लोक 'कीप अ मीटिंग' म्हणतात, ते 'हॅव' किंवा 'होल्ड' पाहिजे. मला नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, बाहेरच्या एका बायरला सांगायचं होतं की सोमवारपर्यंत सॅम्पल तयार करून ठेवतो, आणि मी लिहिलं 'वी विल कीप द सॅम्पल्स'. त्याला वाटलं आम्ही सॅम्पल आमच्याकडेच ठेवून घेणार, पाठवणारच नाही. उलटा मेल आला की का पाठवत नाही, मग खुलासा, परत त्याचं उत्तर, असे दोन दिवस गेले. 'हॅव द सॅम्पल्स रेडी' लिहिलं असतं तर विषयच नव्हता.

आणि आमच्या धंद्यातली जोडी म्हणजे रंग. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला जीआय मानांकन (म्हणजे ही त्या भागाचीच खास वस्तू, अशी सरकारी नोंद) आहे, पण धुताना रंग गेला तर तक्रार येणारच. आपण 'रंग जातो' म्हणून मोकळे होतो, पण 'कलर इज गोइंग' हे इंग्लिश नाही. धुताना रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागला तर 'रन' किंवा 'ब्लीड', उन्हाने नाहीतर वापराने फिका पडला तर 'फेड'. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, शब्द चुकला तर डाईंगवाला भलतीकडेच शोधत बसतो.

या जोड्यांना इंग्लिशमध्ये कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने हा विचार पुढे आणला, १९५७ मध्ये त्यांनी लिहिलं की शब्द त्याच्या सोबतीवरून ओळखावा. मला हे फार पटतं. चहा 'स्ट्राँग', वारा पण 'स्ट्राँग', पण पाऊस आणि ट्रॅफिक 'हेवी'. का, याला उत्तर नाही, तशी सोबत पडलीय.

आता करायचं काय, तर डिक्शनरीत क्रियापद शोधू नका, नाम शोधा. 'डिसिजन' उघडा आणि त्याच्या आधी काय येतं ते बघा. 'मेक' सगळीकडे चालतं, 'टेक' ब्रिटिश लोक जास्त वापरतात, म्हणजे 'टेक' म्हटलं म्हणून कोणी चूक काढली तर घाबरू नका. ऑक्सफर्डची खास कोलोकेशनची डिक्शनरी मिळते, नाहीतर त्यांची साधी लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिच्यातली उदाहरणाची वाक्यं वाचा, अर्थ नंतर. आणि परीक्षा 'गिव्ह' आपल्याकडे सगळे म्हणतात, इथे चालतं, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो.

मी एक वही केलीय, पानाच्या मधोमध नाम आणि डावीकडे त्याची क्रियापदं, मेल वाचताना नवीन दिसलं की तिथेच लिहायचं. सगळ्यात भरलेलं पान 'ऑर्डर'चं आहे, 'प्लेस', 'कन्फर्म', 'शिप', 'कॅन्सल'. 'गिव्ह' पण आहे त्यात, पण त्याच्यापुढे लाल पेनाने लिहिलंय, हुकूम सोडणे.