जुन्या बेज भिंतीला दुसऱ्या कंपनीचा रंग जुळवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हॉल चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या बेज इमल्शनने रंगवला होता. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आली, ती दुरुस्त करून नवी पुट्टी भरली. जवळच्या दुकानदाराने आता दुसरी कंपनी ठेवली आहे आणि तो म्हणतो, "जुना कोड द्या, मशीनमधून सेम टू सेम काढून देतो." त्याचं ऐकून ती एकच भिंत करावी, की सगळा हॉल पुन्हा रंगवावा?

सगळा हॉल करायची गरज नाही. पण डब्यावरच्या शेडच्या कोडवरून रंग घेऊ नका, भिंतीचा तुकडा घेऊन जा. मी रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर, म्हणजे छटा मिसळून देणाऱ्या यंत्रावर, बरीच वर्षं काम केलं आहे. "रंग जुळला नाही" म्हणून परत आलेल्यांत गडद निळा-लाल नेलेले थोडे, आणि बेज, बदामी, बिस्किटी, मोतिया नेलेलेच जास्त. हे हलके रंग सोपे वाटतात, पण जुळवायला सगळ्यांत अवघड तेच.

बेज म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये (छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) थोडा पिवळा ऑक्साइड, त्याहूनही कमी लाल ऑक्साइड आणि थेंबभर काळा. ही झाली साधारण कृती, प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं. लिटरभर रंगात हे सगळे स्टेनर, म्हणजे छटा देणारे गडद द्रव, मिळून काही मिलीलिटरच पडतात. त्यात लाल किंचित वाढला की भिंत गुलाबीकडे झुकते, काळा वाढला की मळकट दिसते, आणि पिवळ्याच्या जोडीला काळा जास्त झाला तर चक्क हिरवट छटा येते. गडद रंगात एवढा फरक पचून जातो. पांढऱ्याच्या जवळच्या रंगात तो डोळ्याला लगेच टोचतो, त्यातून शेजारी जुनी भिंत असेल तर फारच.

कोड का चालत नाही, तेही सांगतो. दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये इतर कंपन्यांच्या शेड्सची यादी बऱ्याचदा असते, आणि दुकानदार खोटं बोलत नसतो. पण ती कृती त्या कंपनीच्या शेड कार्डावरच्या रंगाला जुळवलेली असते, तुमच्या आजच्या भिंतीला नव्हे. शिवाय एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स, २०२४ मध्ये आलेलं बिर्ला ओपस, प्रत्येकाच्या बेसचा पांढरा वेगळा. एकाच कंपनीत स्वस्त इमल्शन आणि महागडं इमल्शन यांचे बेससुद्धा सारखे नसतात, त्यामुळे तोच कोड दोन डब्यांत थोडा वेगळा दिसू शकतो. तुमच्या जुन्या डब्यावर नुसता कोड नाही, उत्पादनाचं नावही वाचा. मॅट होता की हलकी चमक असलेला, हे त्यावरूनच कळेल. चमक जुळली नाही तर रंग हुबेहूब असूनही भिंत वेगळी वाटते, आणि हे पुष्कळ लोक विसरतात.

भिंत स्वतःही बदलते. आयर्न ऑक्साइड हा गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचा रंग, तो उन्हाने सहसा विटत नाही. पण काही कंपन्या पिवळ्यासाठी सेंद्रिय रंगद्रव्यही वापरतात आणि त्यातली काही उन्हात फिकी पडतात. वर धूळ, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकाची वाफ. चार वर्षांत भिंत कार्डावरच्या रंगापासून नक्कीच थोडी सरकलेली असते.

आता तुकडा कसा काढायचा. जी भिंत नव्या रंगाला चिकटून असणार आहे, तिच्यावरूनच काढा. कपाटामागची भिंत निवडू नका, तिथे ऊन-धूर कमी लागल्यामुळे रंग अजून ताजा असतो. स्विचबोर्डच्या पट्टीच्या कडेला किंवा स्कर्टिंगच्या अगदी वर, नजर जाणार नाही अशी जागा पाहा. आधी ओल्या फडक्याने हलकं पुसून सुकू द्या, कारण धुळीसकट मोजलं तर धुळीचाच रंग मिळेल. मग ब्लेडने चौकोनी चीर देऊन पुट्टीसकट सपाट तुकडा उचला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. पोपडा नको, तो वळतो आणि मशीन चुकीचं वाचतं. मोबाइलवरचा फोटो तर मुळीच नको. कॅमेरा स्वतःच पांढरा रंग ठरवतो आणि बेजची छटाच खाऊन टाकतो.

दुकानात विचारा, "स्पेक्ट्रो आहे का?" स्पेक्ट्रोफोटोमीटर हे हातात मावणारं यंत्र तुकड्यावर प्रकाश टाकून ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये काय परत येतं ते मोजतं आणि त्यावरून त्या कंपनीच्या बेस-स्टेनरची कृती सुचवतं. सगळ्या दुकानांत ते नसतं, पण मोठ्या दुकानांत बऱ्याचदा असतं, आणि त्यासाठी दोन किलोमीटर लांब जावं लागलं तरी जा. स्क्रीनवर 'डेल्टा ई' नावाचा आकडा येतो, तो मूळ रंग आणि सुचवलेली कृती यांतलं अंतर दाखवतो. साधारण १ च्या आत असेल तर बहुतेकांना फरक दिसत नाही. २ च्या आसपास असेल तर कोपऱ्याच्या पलीकडच्या भिंतीला चालून जाईल, त्याच भिंतीवरच्या पॅचला नाही. आकडा तेवढा खाली येत नसेल तर तिसऱ्या कंपनीच्या दुकानात तोच तुकडा दाखवा.

एक धोका मात्र स्पेक्ट्रोनेही पूर्ण जात नाही. दोन कंपन्या वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून तोच रंग गाठतात, तेव्हा एका प्रकाशात दोन्ही सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे. दुकानात साधारण ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते, घरात तुम्ही ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी लावलेले असतात. दुकानात एकजीव वाटलेला बेज रात्री सोफ्यामागे गुलाबी दिसू लागतो तो यामुळेच. म्हणून निकाल दुकानात लावू नका.

आधी सर्वांत लहान डबा घ्या. दुकानदाराला सांगा की स्टेनर सुचवलेल्यापेक्षा थोडे कमीच टाक, ९० टक्क्यांच्या आसपास. कमी पडलेला स्टेनर नंतर वाढवता येतो, पडलेला काढता येत नाही. ही मीठ घालण्यासारखीच गोष्ट आहे. हा रंग भिंतीवर लावू नका. प्रायमर मारलेल्या हार्डबोर्डच्या हातभर तुकड्यावर दोन हात मारा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, सुकल्यावर गडद होतं, त्यामुळे पेंटर ब्रश फिरवत "बघा, जुळला" म्हणाला तरी थांबा. मग बोर्ड जुन्या भिंतीला अगदी चिकटवून धरा, मध्ये पांढरी कड राहू देऊ नका. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. गुलाबी, हिरवट की मळकट, एवढं सांगितलं तरी मशीनवरचा माणूस पुढची दुरुस्ती करू शकतो. घरी स्टेनरची बाटली आणून स्वतः थेंब घालत बसू नका. तो हिशेब कुणालाच परत जमत नाही, आणि दुसरा डबा लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बोर्ड पसंत पडला की त्याच कृतीचा प्रिंट घ्या आणि सगळा माल एकदमच घ्या. दोन वेगळ्या डब्यांत थोडासा फरक येऊ शकतो. लहान डब्यात तो जास्त जाणवतो, कारण मशीनचा अर्धा थेंब इकडेतिकडे झाला तर एक लिटरला तो मोठाच असतो. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावायला सांगा. बारा फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. दोन हातांना लिटरभर रंग तिथे काठावर पुरतो किंवा कमी पडतो, म्हणून जास्तीचा आधीच घ्या. उरलेला झाकण घट्ट करून ठेवा.

आता तुमच्या भिंतीचं. ती दुरुस्त केलेल्या जागेपुरती रंगवू नका, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण करा. काटकोनातल्या दोन भिंतींवर प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो, त्यामुळे कोपऱ्यावर रंगातला थोडाफार फरक डोळा सहज सोडून देतो. तोच फरक भिंतीच्या मध्यावर चार-पाच फुटांवरूनही दिसतो. नव्या पुट्टीवर प्रायमर झाल्याशिवाय रंग नको. पुट्टी रंगातलं पाणी आणि बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) ओढून घेते आणि ती जागा कायम विटकी दिसते. मग लोक म्हणतात "रंग जुळला नाही", पण रंग जुळलेला असतो, तहानलेली असते पुट्टी. आधी रोलर वापरला असेल तर आताही रोलरच. पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच. पेंटरला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, कारण मधेच सांगितलं तर तो म्हणेल "आमची पद्धत अशीच आहे."

ओल खरंच थांबली आहे का, तेही पावसाळा किंवा बाथरूमचा पंधरा-वीस दिवसांचा वापर झाल्यावर पाहा. भिंत आतून दमट असेल तर कितीही जुळवलेला रंग काही महिन्यांत फुगेल, आणि नवा बेज त्या जागी डागाळेल.

दोनच बाबतींत मी सगळा हॉल करायला सांगेन: ती भिंत आणि शेजारची भिंत कोपऱ्याशिवाय गोलाईने जोडलेली असेल, किंवा खिडकीचा प्रकाश तिच्यावर अगदी तिरपा सरपटत असेल आणि रंग चमकदार असेल. तसं असेल तर इथे कळवा, खिडकी कोणत्या बाजूला आहे तेही लिहा.