यीस्टपासून डिझेल बनतं म्हणतात, ते खरं आहे का? की नुसतीच हवा?

खरं आहे, पण पावाचं यीस्ट इथे कामाचं नाही. लिपोमायसेस स्टार्की, यारोविया लिपोलिटिका, ऱ्होडोस्पोरिडियम टोरुलॉइडिस अशा जाती लागतात. यांच्या कोरड्या वजनात २० टक्क्यांहून जास्त तेल साठतं, काहींत तर ६० टक्क्यांच्या पुढे.

गंमत अशी की त्यांना भरपूर साखर द्यायची, पण नायट्रोजनचा पुरवठा तोडायचा. नायट्रोजन संपला की प्रथिनं बनेनात, पेशींची वाढ थांबते. साखर मात्र आत येतच राहते आणि तिचं तेल होऊ लागतं. खाऊन-पिऊन बसून राहिलं की आपलं पोट सुटतं, तसंच! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अख्खी पेशी तेलाच्या एक-दोन टपोऱ्या थेंबांनी भरलेली दिसते.

मग पेशी फोडून तेल काढायचं, मिथेनॉलशी अभिक्रिया करायची, की बायोडिझेल आणि सोबत ग्लिसरॉल. हे ग्लिसरॉलही यीस्ट खातं.

घोडं अडतं ते खर्चावर. १०० किलो ग्लुकोजपासून कागदोपत्रीच जेमतेम ३२ किलो तेल निघतं, प्रत्यक्षात त्याहून कमी. विकतच्या साखरेवर हा धंदा परवडणार नाही. भाताचा पेंढा, उसाचं चिपाड असलं स्वस्त खाद्य हवं.