ऑफिस राजधानीबाहेर जाणार. आता माझ्या नोकरीचे काय?

‘कार्यालय राजधानीबाहेर हलणार आहे, जायला नकार दिला तर नोकरी जाईल का?’ हा प्रश्न घेऊन सरकारी कर्मचारी माझ्याकडे अनेकदा येतात. संशोधन अधिकारी असलेल्या एका बाईंची तर याच चिंतेने झोप उडाली होती. पतीची नोकरी राजधानीत, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, सासूबाईंवर उपचार चालू. आणि हाती होते ते केवळ मंत्र्यांच्या घोषणेचे, घड्या घालून घालून फाटायला आलेले कात्रण.

“लेखी आदेश मिळाला आहे का?” असे मी विचारले. तो मिळालेला नव्हता. कार्यालयाचे ठिकाण कायद्यातच नमूद असेल, तर आधी तो कायदा बदलावा लागतो, आणि बदललेला कायदाही न्यायालयात टिकावा लागतो. दक्षिण कोरियात राजधानी हलवण्याचा कायदा घटनात्मक न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला. तरीही पुढे वेगळा कायदा होऊन २०१२ पासून अनेक मंत्रालये सेजोंग या नव्या प्रशासकीय शहरात गेलीच. म्हणून कायद्याच्या अडथळ्यावर विसंबून स्वस्थ बसण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

बाईंना खरे तर अपराधीपणा अधिक छळत होता. “मॅडम, सगळे जातील आणि मी एकटीच अडून बसले असे होईल,” असे त्या म्हणाल्या. अमेरिकेच्या भूमी व्यवस्थापन विभागाने २०१९ मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शनला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा वॉशिंग्टनबाहेर न्यायच्या ३२८ पदांवरील केवळ ४१ जण स्थलांतरित झाले. उरलेल्यांनी निवृत्ती घेतली किंवा दुसरे काम शोधले, आणि २०२१ मध्ये मुख्यालय परत आणण्याचा निर्णय झाला. इतक्या अनुभवी माणसांनी घरासाठी नकार दिला असेल, तर त्याला कामचुकारपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

मग आम्ही अर्जाचा मसुदा केला. नियुक्तिपत्रातील बदलीची अट या स्थलांतराला लागू होते का, राजधानीतील दुसऱ्या कार्यालयात सामावून घेतले जाईल का, ज्येष्ठता टिकेल का आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुदत मिळेल का, एवढेच त्यात विचारले. सुरुवातीला त्यांनी लिहिलेले क्षमायाचनेचे वाक्य त्यांनी स्वतःच खोडले.

उत्तरात मुदत मान्य झाली. सामावून घेण्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. त्या मुद्द्यावर त्यांनी आता स्मरणपत्र दिले आहे.