इंजिन फेरारीचे, बॉडी कोणाची?

प्रश्न : फेरारीच्या १६६ एमएम 'बार्केटा' या जुन्या स्पोर्ट्स कारच्या माहितीत निर्माता म्हणून कधी फेरारीचे, तर कधी 'तूरिंग'चे नाव आढळते. यांपैकी खरे कोणते? तसेच 'सुपरलेज्जेरा' हे एखाद्या मॉडेलचे नाव आहे काय?

उत्तर : दोन्ही नावे खरी आहेत. त्या काळी अनेक लहान कारखाने चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन आणि चाके एवढीच गाडी तयार करीत आणि तिच्यावर बॉडी चढवण्याचे काम कोचबिल्डरांकडे, म्हणजे घोडागाड्या बांधणाऱ्यांची परंपरा पुढे चालवणाऱ्या स्वतंत्र कारागिरांकडे सोपवीत. मारानेल्लो येथील फेरारीचा कारखाना तेव्हा अगदी नवा होता. त्याने जोआकिनो कोलंबो यांनी आखलेले १९९५ सीसीचे बारा सिलिंडरांचे इंजिन दिले. एका सिलिंडरचे आकारमान साधारण १६६ सीसी भरते, म्हणून गाडीला तो आकडा मिळाला. 'एमएम' ही 'मिल्ले मिल्या' या शर्यतीची आद्याक्षरे आहेत.

बॉडी मिलानच्या कारोत्सेरिया (म्हणजे कोचबिल्डरांची कार्यशाळा) तूरिंगची. फेलीचे बियांकी आंदेर्लोनी आणि गाएतानो पोंत्सोनी यांनी ही संस्था १९२६ मध्ये सुरू केली. आरंभी ती वेमान पद्धतीच्या, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या बॉडी परवान्याने बांधत असे. पुढे १९३०च्या दशकात त्याच विचाराचे धातूतले रूप तिने शोधून काढले, आणि त्याचेच नाव 'सुपरलेज्जेरा', अर्थात 'अतिहलकी'. तेव्हा हे मॉडेलचे नव्हे, बांधणीच्या पद्धतीचे नाव आहे. बारीक पोलादी नळ्या वाकवून, जोडून गाडीच्या आकाराची जाळी करावयाची आणि तिच्यावर हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बसवावयाचा. येथे पत्रा भार पेलत नाही. तो केवळ कातडीचे काम करतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले व मध्ये ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून दोहोंमध्ये नमद्याची किंवा कापडाची पट्टी घालीत. ती पट्टी कुजली की बाहेरून चकचकीत दिसणारी गाडीही आतून खराब होत असते, हे जुन्या गाड्या दुरुस्त करणारे पुरते ओळखून असतात.

फेलीचे १९४८ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा कार्लो फेलीचे याने जबाबदारी घेतली. त्याच वर्षी तूरिन येथील प्रदर्शनात ही उघडी, दोन आसनी गाडी मांडली गेली. बगलेवरून धावणारी एकच ठळक कड आणि तिच्याखाली आत वळत जाणारा पत्रा, असे तिचे रूप होते. 'बार्केटा' म्हणजे लहानशी होडी. हे नाव पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी यांनी दिले. आमच्या मते याहून नेमके नाव तिला मिळाले नसते. पुढच्याच वर्षी बियोंदेत्ती यांनी मिल्ले मिल्या आणि लुइजी किनेत्ती यांनी ल माँ ही २४ तासांची शर्यत याच गाडीने जिंकली. ल माँमध्ये सहचालक लॉर्ड सेल्सडन यांच्या वाट्याला फारच थोडा वेळ आला. जवळजवळ सगळा वेळ किनेत्तीच गाडी चालवीत होते.

साच्यात दाबून काढलेल्या पत्र्याच्या, चासी व बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांपुढे ही हातकामाची पद्धत टिकली नाही आणि १९६६ मध्ये तूरिंगला टाळे लागले. मात्र इंग्लंडच्या ॲस्टन मार्टिनने हीच पद्धत परवान्याने घेतली होती, म्हणून तिच्या डीबी४च्या बॉनेटवरही 'सुपरलेज्जेरा' अशी अक्षरे दिसतात.