इंजिन उतरवण्याआधी

प्रश्न : काका, नमस्कार. आजोबांनी गोवा मुक्तीपूर्वी घेतलेली 1957ची एमजीए 1500, ही जुनी ब्रिटिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार, आमच्या घरी आहे. बाबा गेल्यानंतर ती वीस वर्षं छपराखाली झाकून होती, दोन वर्षांपूर्वी मी ती चालू केली. पण पर्वरीचा चढ लागला की दम टाकते, आणि सपाटीला 80च्या पुढे इंजिन एवढं ओरडतं की शेजारच्याशी बोलता येत नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे अपघातातल्या अँबॅसॅडरचं 1800चं इसुझू इंजिन गिअरबॉक्ससकट पडून आहे. तो म्हणतो, आठ दिवसांत बसवून देतो. बसवू का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : 'आठ दिवसांत बसवून देतो' हे मी स्वतः एकदा बोललो आहे, म्हणून आधी ती गोष्ट ऐका.

1996 साल. फोंड्यात कुर्टीला माझं गॅरेज होतं. मडगावचे एक गृहस्थ तुमच्यासारखीच एमजीए घेऊन आले आणि त्यांना हेच इसुझू हवं होतं. मलाही खाज होतीच. 1817 सीसी, कॅमशाफ्ट वर, पाच गिअर, आणि सुटे भाग कुठेही मिळणारे. जुनं इंजिन उतरवलं, नवं साखळीला टांगून खाली सोडलं, तर गिअरबॉक्स चॅसिसच्या आडव्या पट्टीवर जाऊन टेकला. पट्टी कापली. मग मधल्या बोगद्याचा पत्रा कापला. मग रेडिएटर पुढे सरकवला. आठ दिवसांचे अडीच महिने झाले.

गाडी पळाली मात्र झकास. फर्मागुडीचा चढ तिने तिसऱ्या गिअरात असा घेतला की मी बाजूला बसून हसत होतो. पाऊस संपल्यावर ते गृहस्थ बेळगावला गेले आणि चोर्ला घाटाने उतरू लागले. एमजीए 1500ला चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन नवं, वेग नवा, ब्रेक 1957चे. ड्रम तापले, पेडल पार पोचट झालं, आणि केरीच्या अलीकडे त्यांनी गाडी मातीच्या ढिगात घातली. माणूस धड राहिला, गाडीचं नाक गेलं. त्यानंतर त्यांनी ती फारशी चालवली नाही. दोन वर्षांनी येऊन म्हणाले, "मेस्त, जुनं इंजिन परत बसवा." ते जुनं इंजिन मी भंगारवाल्याला किलोवर विकून मोकळा झालो होतो. त्यांना विचारून विकलं होतं, पण 'ठेवून काय करणार' हा सल्ला माझाच. आजही कुठे एमजीए दिसली की मी आधी तिच्या इंजिनाचा नंबर बघतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

चढाला दम लागतो, याचा अर्थ इंजिन लहान आहे असा होत नाही. एमजीए 1500ची ताकद नवी असताना 72 अश्वशक्ती आणि गाडीचं वजन 900 किलोच्या आसपास. पर्वरीचा चढ म्हणजे काही अनमोड घाट नव्हे, धड इंजिन तो सहज काढतं. तुमचं इंजिन वीस वर्षं निजलं होतं. आमच्या हवेत वीस वर्षं म्हणजे वीस पावसाळे. आधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर ज्याचा आकडा कमी त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. मग प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडा. त्यातली वजनं गंजून चिकटली की स्पार्क वेळेआधी सरकत नाही आणि गाडी चढाला मरते. मी पाहिलेल्या 'ताकद नाही' म्हणणाऱ्या जुन्या गाड्यांत निम्म्या तरी या एका कारणाने आलेल्या. शेवटी दोन्ही एसयू कार्बोरेटरांच्या डोक्यावरची टोपणं काढून बघा, आत तेल आहे का. नसेल तर पिकअप घेताना गाडी अडखळणारच. हे सगळं एका दिवसाचं काम आणि खर्च जवळजवळ शून्य.

ओरडण्याचं कारण मागे आहे. तुमच्या मागच्या आसाचं गुणोत्तर 4.3, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा 4.3 फेरे मारतो तेव्हा चाक एकदा फिरतं. टॉप गिअरात 80च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 2900 फेरे मारतं. एमजीएनंतर आलेल्या एमजीबी या गाडीत 3.909चा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या आसातला दात्यांचा गोळा, आला. सुरुवातीच्या एमजीबीचा तो गोळा एमजीएच्या आसात बसवतात, फक्त हाफशाफ्टचे, म्हणजे गोळ्यापासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे, दाते आधी मोजून घ्या. मग त्याच वेगाला फेरे 2600वर येतात. इंजिनाला हात न लावता अर्धी तक्रार गेली. चढाला थोडं नुकसान होईल, म्हणून आधी इंजिन बरं करा, नंतर डिफरन्शियल.

एवढं करूनही हौस उरली, तर मोठं इंजिन बसवा, पण तिच्याच घरातलं. ही गंमत आमच्याकडच्या फार थोड्या पोरांना माहीत असते. तुमच्या गाडीतलं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, 1489 सीसी. आपल्या जुन्या अँबॅसॅडरच्या पेट्रोल गाडीत वर्षानुवर्षं हेच इंजिन होतं! फरक इतकाच की अँबॅसॅडरला एक कार्बोरेटर आणि बिचारं सौम्य हेड, तर एमजीएला दोन कार्बोरेटर आणि मोठे व्हॉल्व्ह. त्यामुळे बेअरिंग, गॅस्केट असल्या वस्तू अँबॅसॅडरच्या दुकानात शोधायला लाजू नका. पिस्टन घेताना मात्र माथ्याचा आकार जुळवून घ्या.

याच घराण्याचा वेल पुढे वाढला. पिस्टनची चाल कायम 88.9 मिलिमीटर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा रुंदावत गेला. 73 मिलिमीटरचा 76.2 झाला, 1622 सीसी आलं. 80.26 झाला, एमजीबीचं 1798 सीसी आलं. 95 अश्वशक्ती. बाहेरून ठोकळा जवळजवळ तोच, म्हणून एमजीएत 1798 बसवणं ही जगभरची जुनी पद्धत आहे. तुमच्या इंजिनाची पुढची प्लेट काढून नव्या ठोकळ्याला लावायची, म्हणजे माउंटिंग जागच्या जागी येतात. 1964च्या शरद ऋतूपर्यंतच्या एमजीबीत क्रँकला तीन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. पाचवाली मजबूत, पण तिला मागची प्लेट, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बुश यांची जुळवाजुळव लागते. त्यासाठी टर्नर चांगला हवा, घाई नसलेला. चॅसिसला करवत लागत नाही. उद्या नातवाला जुनं इंजिन परत बसवायचं असलं तर दोन दिवसांत बसतं.

व्ही-8चं, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचं, विचारू नका. तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल. एमजीबीत खुद्द कारखान्याने 1973 ते 1976 या काळात रोव्हरचं 3528 सीसीचं व्ही-8 घातलं आणि ते जमलं, कारण ते ॲल्युमिनियमचं होतं, लोखंडी चार सिलिंडरच्या मानाने वजन फार वाढलं नाही. त्याच कंपनीने त्याआधी 1967 साली त्याच गाडीत 2912 सीसीचं लोखंडी सहा सिलिंडर घातलं होतं, नाव एमजीसी. गाडीचं नाक जड झालं, वळणाला ती रुसायची, तीन वर्षांत बंद. सनबीम टायगर या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचं व्ही-8 कोंबायचं तर रंग दिलेल्या गाडीचा पत्रा कामगार घणाने ठोकून जागा करत. एक स्पार्क प्लग तर आत बसून, पायाशी असलेल्या भोकातून काढावा लागे. एमजीएचं बोनेट याहून अरुंद. मोठ्या कंपनीला घण लागला, आपण कोण?

इंजिन कुठलंही घाला, त्याआधी ब्रेक. एमजीए 1600ला 1959 साली पुढे डिस्क आल्या, त्या तुमच्या पुढच्या चाकांना जमवता येतात. मी पैसे आधी तिथे घालीन. रेडिएटर उघडून सळई मारून घ्या, एप्रिल-मे महिन्यात पणजीच्या सिग्नलला उभं राहायचं आहे. आणि नव्या इंजिनाला अल्टरनेटर लावायचं कुणी सुचवलं तर एक लक्षात ठेवा, तुमच्या गाडीतलं फेरे दाखवणारं घड्याळ बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या पाठीमागून केबलने चालतं, आणि अल्टरनेटर येतो तो या डायनॅमोच्या जागी. डायनॅमो गेला की काटा मेला. इसुझूबरोबर हे घड्याळ कायमचं शोभेचं झालं असतं.

आता कागद. 1996 साली मला हे सुचलंही नव्हतं. मोटर वाहन कायदा 1988, कलम 52 : निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून इंजिन कुठलंही बसवा, वाहतूक खात्याच्या कार्यालयात अर्ज करून लेखी परवानगी मिळाल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. दुसरं म्हणजे, 2021पासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे. पन्नास वर्षांवरची गाडी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली. तुमची गाडी त्यात आज बसते. नवी नोंदणी 20000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. तुम्हाला रोज पणजीला न्यायची असेल तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही. आठवड्यातून एकदा हौसेने फिरवायची असेल, तर इसुझू घातलंत की ती वाटच बंद.

एक काम आजच करा. पायाखालच्या फळ्या बघा. एमजीएच्या पायाखाली प्लायवूड आहे, पत्रा नाही, आणि दारांच्या खालच्या कडा आमच्या खाऱ्या वाऱ्यात आतून कुजतात. वाढीव ताकद घालायची तर ती कुजक्या चौकटीत घालू नका. गॅरेजवाल्याला म्हणावं, इसुझू दुसऱ्या कुणाला दे.

प्रश्न : माझी स्टँडर्ड हेराल्ड आहे, 948 सीसी. बोनेट उघडलं की इंजिनाभोवती भरपूर जागा दिसते. मोठं इंजिन सहज बसेल ना? – एक वाचक, साखळी

उत्तर : बसेल. तिथेच फसगत आहे. हेराल्डचं सगळं नाक पुढे कलंडतं, आत माणूस पाय सोडून बसावा एवढी जागा. इंग्लंडात हिची मूळ कंपनी ट्रायम्फ, तिने याच गाडीत 1147, मग 1296, आणि व्हिटेस या नावाने सहा सिलिंडरचं 1596 आणि 1998 सीसीसुद्धा घातलं. पण अडचण पुढे नाही, मागे आहे. मागची चाकं स्वतंत्र लोंबतात. वळणावर वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू पाहतं. पाठीमागचा भाग उचलतो आणि गाडी सटकते. 948च्या वेगात हे कधीतरी जाणवतं, दुप्पट ताकदीत पहिल्याच ओल्या वळणावर जाणवेल. ट्रायम्फने 1968 साली व्हिटेसचं मागचं सस्पेन्शन बदललं. आपल्याकडे स्टँडर्डच्या मद्रासच्या कारखान्यानेही नंतर गझेल ही गाडी काढताना हा लोंबता प्रकार टाकून सरळ आस घातला. तेव्हा आधी मागचा आस, मग पुढचं इंजिन. आस बदलायची तयारी नसेल तर 948लाच धुऊन-पुसून, व्हॉल्व्ह घासून चालवा. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला ती पुरते.

प्रश्न : जुन्या एमजीत मोबाइल चार्जर लावला आणि धूर निघाला. वायरिंग सगळं नवं आहे. काय झालं असेल? – एक वाचिका, ताळगाव

उत्तर : चार्जर बिचारा उलटा जोडला गेला. त्या काळच्या या गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आजचं चार्जर, रेडिओ, एलईडी, सगळं ऋण टोक बॉडीला आहे असं धरून बनवलेलं असतं. सीटमागचं झाकण उघडा, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसतील, एकीला एक जोडून बारा व्होल्ट केलेलं. बॉडीला जाणारी जाड वायर कुठल्या टोकाला आहे ते बघा. गाडी उलटी करता येते, पण डायनॅमोला नव्याने ध्रुव द्यावा लागतो आणि इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल कराव्या लागतात. ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तोवर मोबाइल घरून चार्ज करून न्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : धन टोक बॉडीला.