एफवायला नव्याने आलेल्या मुलांना वर्ग आपला वाटावा म्हणून शिक्षकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच एफवाय बीएस्सीला शिकवणार आहात, बरीचशी मुलं खेड्यांतून येणार आहेत आणि ती महिनाभरात मागच्या बाकांवर गप्प होऊन बसतात, असं सहकारी सांगतात. मी जिल्ह्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. यूजीसीने २०१९ साली नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. तिचा हेतू चांगलाच आहे. पण गुलाबाचं फूल आणि प्राचार्यांचं भाषण झाल्यावर पुढच्या आठ-दहा तासांत काय घडतं, त्यावर मूल बोलणार की गप्प राहणार हे ठरतं.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी पण सरांचं बोलणं मराठी, आणि इथे एकदम सगळं लेक्चर इंग्रजीत. अशा मुलाला शंका येते ती मराठीत. ती इंग्रजीत जुळवेपर्यंत फळा पुसलेला असतो. शंका कुठल्याही भाषेत, अर्धवट, कशीही विचारा, असं पहिल्याच तासाला सांगा. नुसतं सांगून मात्र भागत नाही. ‘मॅडम, मग ते मोमेंटम गेलं कुठं?’ असं कुणी विचारलं की आधी मराठीतच उत्तर द्या आणि मग तेच इंग्रजीत फळ्यावर लिहा, कारण पेपर त्याला इंग्रजीत लिहायचाय. उच्चाराला कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. तेवढं एकदा झालं नाही, तर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही.

‘समजलं का सगळ्यांना?’ असं विचारलं की सगळे माना हलवतात. त्यापेक्षा शेवटची पाच मिनिटं राखून, न कळलेली एक गोष्ट बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू करा. एकच शंका पाच-सहा चिठ्ठ्यांवर निघते, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

प्रॅक्टिकलला जास्त लक्ष द्या. एका टेबलावर दोघं-तिघं असतात. ज्याने आधी व्हर्निअर (बारीक लांबी मोजायचं उपकरण) हाताळलाय तो रीडिंग घेतो आणि दुसरा आकडे लिहीत बसतो. काही शाळांत उपकरणं कपाटातच राहतात, मुलांचा दोष नसतो. निम्मी रीडिंग झाली की जागा बदलायला लावा. जोड्याही रोल नंबरप्रमाणे कायमच्या ठेवू नका, नाहीतर एकाच ज्युनिअर कॉलेजातून आलेले एकत्र राहतात आणि बाकीचे एकटे पडतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘स्कॉलरशिप, फ्रीशिपवाले उभे राहा’ असं वर्गात कधीही म्हणू नका. जात आणि घरची परिस्थिती एका दमात सगळ्यांसमोर येते. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जाची शेवटची तारीख सगळ्या वर्गाला सांगा, कागदपत्रांचं ऑफिसात एकेकट्याशी बोला. बारावीचे मार्क आणि माध्यम हेही ओळखीच्या तासाला विचारू नका. नाव, गाव आणि हाक कशी मारलेली आवडेल, एवढं पुरे.

प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, त्यामुळे काहीजण अभ्यासक्रम सुरू झाल्यावर येतात. तोवर गट जमलेले असतात. अशा मुलाला कुणाच्या तरी नोट्स आणि कुणाच्या तरी शेजारची जागा तुम्हीच नेमून द्या, त्याला मागायला लावू नका.

रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची मोफत हेल्पलाइन आहे. नंबर वहीत लिहून घ्यायला सांगा.

आणखी एक. टाइमटेबल लागलं की गावाकडची पहिली एसटी किती वाजता पोहोचते आणि शेवटची किती वाजता सुटते, ते मुलांना विचारा. सकाळच्या बॅचला रोज उशिरा येणारी मुलगी आळशी नसते, तिची गाडीच तेव्हा येते. तिची बॅच बदलून द्या. विभागप्रमुखांशी बोललात तर बहुतेक वेळा जमतं, फक्त पहिल्या आठवड्यातच बोला, जर्नल सुरू झालं की अवघड होतं.