तालीम म्हणजे शाळा, हौदा का फुटबॉलची टीम?

प्रश्न असा आलाय की हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण, मग कोल्हापुरात तालीम म्हटलं की पैलवान कसे काय येतात, आणि त्यात परत 'पाटाकडील तालीम मंडळ' ही फुटबॉलची टीम कशी? विचारणारे नागपूरकडचे आहेत, हिंदीतून मराठी करायचं काम हातात आहे. खोली बघायला निघाले तर मालक म्हणाले "तालमीच्या मागच्या बोळात या", आणि हे आपले शाळेची बिल्डिंग शोधत पेठेत फिरले.

शब्द मुळात अरबी. इल्म, मालूम, उलेमा ही सगळी त्याच घरातली भावंडं, आणि तालीम म्हणजे शिकवणं. आपल्याकडं तो फारसीच्या हातून आला. उर्दू-हिंदीनं शिक्षण हाच अर्थ धरून ठेवला, गांधीजींची 'नई तालीम' त्यातलीच. मराठीनं मात्र पाटी-पुस्तक बाजूला सारलं आणि सराव तेवढा उचलला. म्हणून कुस्तीची तालीम, नाटकाची तालीम, रंगीत तालीम. रात्रभर जागून पाठांतर करणाऱ्या पोराला आपण तालीम करतोय म्हणत नाही, तेच तेच परत परत अंगानं करून बघणाऱ्याला म्हणतो. मग जिथं हा सराव चालतो त्या जागेलाच ते नाव पडलं.

शब्द किती मुरलाय ते बघायचं तर विभक्ती लावा. लाकूड-लाकडाला, तालीम-तालमीत, मधला दीर्घ स्वर सरळ गळून पडतो. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला 'शरीर' असलं काही करू देत नाही, शरीरात म्हणजे शरीरात. म्हणजे अरबी पाहुणा घरच्या लाकडाच्या पंगतीत बसलाय आणि संस्कृत पाहुणा अजून मान धरून आहे. उस्तादचा वस्ताद झाला, तो तर शिकवणारा पण आणि बेरकी माणूस पण, "तू लई वस्ताद हायस" यातला.

आता यावर कुणीतरी म्हणतंच की शब्द बाहेरचे म्हणजे कुस्ती पण बाहेरूनच आली. मला हे अजिबात पटत नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या झुंजींवर, त्यांच्या खाण्यापिण्यावर आणि सरावावर सविस्तर लिहिलंय, मल्लखांबात तो 'मल्ल' आजही उभा आहे, आणि आखाडा हा शब्द संस्कृत अक्षवाटातून आलाय. झुंज इथलीच होती, वर दरबारी भाषेचा थर चढला, कारण पैलवानाला पोसणारा दरबारच होता आणि दरबारात फारसी चालायची. पहलवान हा शब्द इराणातल्या पार्थियन लोकांच्या नावावरून आलाय, कुस्तीचं नातं पारशी लोक कमरेला बांधतात त्या कस्तीशी लावतात. जोर-बैठका म्हणताना आपण एक फारसी आणि एक देशी शब्द एका दमात काढतो, कुणाला पत्ता पण लागत नाही.

एकदा कोल्हापुरातल्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जाऊन हौदा बघा. हौदा म्हणजे लढतीच्या मातीचा खड्डा, आपल्या पाण्याच्या हौदाचाच भाऊबंद, तोही मूळचा अरबी. त्यात तांबडी माती, आणि ती नुसती नाही, ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मळलेली, फावड्यानं उकरून भुसभुशीत केलेली. ही सगळी कृती इथली, नाव तेवढं लांबचं. आणि कोल्हापुरातल्या कुस्तीच्या खासबाग मैदानाचं तर विचारूच नका, नाव फारसी-अरबी मिश्रण, शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले तेव्हा रोममधलं जुनं गोल क्रीडागार त्यांच्या मनात भरलं त्यावरून बांधणीची कल्पना, 1912 साली मैदान तयार, आणि लढायला पंजाबपासून मल्ल.

टीमचं उत्तर यातच आहे. कोल्हापुरात तालीम ही नुसती व्यायामाची जागा कधीच नव्हती, ती पेठेची बैठक होती. पोरं तिथंच जमायची, भांडणं तिथंच मिटायची (आणि सुरू पण तिथंच व्हायची). मग जे काय नवीन आलं ते तालमीतच घुसलं. सार्वजनिक गणपती आला, तो तालमीनं बसवला. मोहरमचे पंजे पण तालमीत बसतात, आणि दोन्ही सण एकत्र आले की बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी गणपती आणि पंजा शेजारी शेजारी असतात. इंग्रजांचा फुटबॉल आला तर त्यासाठी वेगळा क्लब कशाला काढायचा, तालीम आहे की! म्हणून दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम या सगळ्या शाहू स्टेडियमवर बूट घालून उतरतात. त्यात जोर-बैठका मारणारे किती हे विचारू नका, मॅचच्या दिवशी तर नकोच.

वापरातला एक बारीक फरक सांगतो, नव्या माणसाला उपयोगी पडेल. "तालमीला जातो" म्हटलं तर नाटकाची पण असू शकते, "तालमीत जातो" म्हणजे बहुतेक हौदाच. "आमच्या तालमीचा हाय" म्हणजे मात्र कुस्तीशी काही संबंध नाही, आमच्या गल्लीतला, आमचा माणूस. आणि तुम्ही हिंदीतल्या "अच्छी तालीम पाई" चं मराठी करताय म्हणालात, तिथं बिनदिक्कत 'चांगलं शिक्षण मिळालं' असं लिहा, 'चांगली तालीम मिळाली' लिहिलंत तर इकडचा वाचक पहिल्यांदा वजनगट विचारेल.